मेणकाडी आणि चिमटा

इंदूमावशी गेली तेव्हा मी अंबडच्या कंपनीत पहिल्या पाळीला होतो. काकांचा, म्हणजे तिच्या यजमानांचा, फोन आला, "ये बाबा... संपलं." एवढंच. त्याला आता दीड महिना झाला. लिहायला बसलोय ते तिच्या कौतुकासाठी कमी आणि एक गोष्ट कबूल करण्यासाठी जास्त.

मावशी लग्नाच्या ब्लाउजांवर खडे बसवायची. पंचवटीतल्या दोन खोल्यांत, खिडकीखाली पाट टाकून, पुढ्यातल्या ताटलीत मोहरीएवढे चमकते खडे घेऊन. हत्यार म्हणाल तर बांबूची एक काडी आणि तिच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा मधाच्या पोळ्याच्या मेणाचा गोळा. काडी खड्यावर टेकवली की खडा चिकटून वर यायचा, गोंदाच्या ठिपक्यावर ठेवून ती जराशी कलती केली की सुटायचा. थंडीत मेण कडक झालं की ती काडी चहाच्या वाफेवर धरायची. मे महिन्यात ते पाघळायला लागलं की माठाला टेकवून ठेवायची. इंदूबाईंचा खडा ब्लाउज फाटला तरी निघत नाही, असं बायका म्हणायच्या.

कॉलेज मी तिच्याच घरी राहून केलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, तोही केमिस्ट्रीचा, आणि त्याचा मला माज होता. पहिल्या पगारातून मी तिला बारीक टोकांचा स्टीलचा चिमटा आणला. म्हटलं, "मावशी, ती काडी फेकून दे आता. कुठल्या जमान्यात राहतेस?"

"सायबाचं ऐकलं पायजे बाई," ती शेजारणीकडं बघून हसली, "नायतर नापास करंल आपल्याला."

त्यानंतर दर रविवारी मी जायचो तेव्हा तिच्या हातात चिमटाच असायचा. मी खूश. कंपनीतही चारचौघांत सांगायचो...

वर्षभरात तिचं काम बंद पडलं. एका नवरीच्या ब्लाउजवरचे खडे लग्नाच्या आधीच काळे पडले, मग आणखी दोघींचे. "डोळं गेलं माझं," ती सगळ्यांना सांगायची, "काय चिकटवते, कुठं चिकटवते, दिसतच नाय." ज्या हाताचं एवढं नाव होतं, त्याला कुणी काम देईना. मी डॉक्टरकडे नेतो म्हटलं की टाळायची, "वय झालं रे, त्याला काय इलाज?" पुढची नऊ वर्षं ती त्याच पाटावर मोकळे हात मांडीवर ठेवून बसलेली मी पाहिली. मला तिची कीव यायची. कीव!

दहाव्यानंतर निर्मलाताई भेटायला आल्या. त्यांच्याच शिलाईच्या दुकानातून मावशीला काम यायचं. मी म्हणालो, "डोळ्यांनी घात केला तिचा."

"डोळ्यांनी? अरे, तुझ्या चिमट्यानं! खड्याच्या पाठीला चंदेरी मुलामा असतो, तो चिमट्यानं खरचटायचा. त्यात गोंद शिरला की खडा काळा. तिला पहिलाच ब्लाउज परत आला तेव्हा कळलं होतं, पण तोवर पुढचे दोन देऊन झाले होते."

"मग काडी का नाही धरली परत?"

"धरली असती रे. पण गिऱ्हाईक विचारायचं ना, खडे काळे कशानं पडले? काहीतरी सांगणं भाग होतं. मला म्हणाली, 'चिमट्याचं नाव घेतलं तर त्याच्या कानावर जाईल. पोरानं पहिल्या पगाराचा आणलाय. माझ्या डोळ्यांचंच नाव घेते.' आणि आंधळ्या बाईच्या हातचं मग कुठलं गिऱ्हाईक घेणार?"

गोंदातलं रसायन मुलाम्याचं काय करतं, हे मला कळायला हवं होतं. डिग्री माझ्याकडे होती. म्हणून हे पेपरात लिहितोय : ज्यांच्या ब्लाउजवरचे खडे काळे पडले, त्या सगळ्यांना कळू द्या, हात तिचा चुकला नव्हता. चूक माझी होती.

परवाच्या रविवारी काकांकडे गेलो. ते सदऱ्याला बटण लावायच्या खटपटीत होते. मी जवळ बसून विचारलं, "काका, मावशीला दिसत होतं ना?"

काकांनी सदरा बाजूला ठेवला. मग सुई-दोरा माझ्यापुढं धरून म्हणाले, "शेवटपर्यंत तीच ओवून द्यायची रे..."

मी सुई घेतली. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. मग उजेडासाठी सरकत सरकत तिच्या पाटावर जाऊन बसलो.