पुरस्काराच्या पुस्तकांवरचे काळे ठसे

"हात दाखव," नाना म्हणाले.

मी दाखवले. आधी तळवे, मग उलटे करून. घरून निघताना रिठ्याने घासले होते, तरी नखांत काळं होतंच. बुटाच्या पॉलिशचं काळं. ते नखांतून जात नाही. माझे बाबा धारला कचेरीसमोर बसून चपला शिवायचे, आणि शाळा सुटली की ब्रश माझ्या हातात असायचा.

"हिला नको," नाना म्हणाले. "ही लांबून बघेल."

नाना म्हणजे धारच्या मराठी वाचनालयाचे ग्रंथपाल. तसे प्रेमळ होते. पुण्याहून पार्सल आलं की मुलांना बोलावून सगळ्यांसमोर सुतळी सोडायचे. त्या दिवशी जे पुस्तक निघालं त्याच्या कव्हरवर सोनेरी गोल चिकटवलेला होता. बक्षीस मिळालेलं पुस्तक. पहिल्या पानावर विहिरीच्या काठावर बसलेलं कासव.

मला चटईच्या टोकाला बसवलं, हात पाठीमागे घ्यायला लावून. सेक्रेटरींच्या मुलीला, सुधाला, माझ्यासमोर बसवलं. "तू उलट पानं हिच्यासाठी." सुधा माझ्याच वयाची. तिने उलटली. भराभर. माझी ओळ अर्धी व्हायची आणि पान जायचं. आणि प्रत्येक पानाला ती बोट जिभेला लावायची. कोपऱ्यावर ओला डाग पडायचा, तो वाळायच्या आत पुढचं पान.

तिची थुंकी चालत होती. माझा धुतलेला हात चालत नव्हता.

नऊ वर्षांची होते मी. कासव विहिरीत पडलं की वाचलं, मला कळलंच नाही.

आम्ही चांभार. संस्थानच्या काळात सुधाचे पूर्वज महाराष्ट्रातून इकडे माळव्यात आले ते दप्तर सांभाळायला, आमचे आले ते घोड्यांची खोगिरं शिवायला. एकाच मुलखातून आले, एकच भाषा बोलत आले. घोडे गेले, संस्थान गेलं. हात दाखवायचं राहिलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा. सांगायला बसलं की पुढचंही सांगावं लागतं. आणि पुढचं मी केलेलं आहे.

लग्न होऊन देवासला आले. नवऱ्याचा कारखाना बंद पडला, तो घरी बसला. कुणीतरी सांगितलं, इथल्या मराठी वाचनालयात बाई हवी आहे. झाडू, पाणी, पुस्तकं लावणं. गेले, तर ग्रंथपालाच्या खुर्चीवर सुधा. लग्न होऊन तीही देवासलाच आलेली.

"धारची का तू? अगबाई! मग आपलीच की."

तिने मला ओळखलं नाही. मी ओळख दिली नाही. त्या दिवसापासून त्या सुधाताई आणि मी "अगं ए".

सुधाताईंना मुलांच्या पुस्तकांचं वेड होतं. खोटं नाही बोलणार, खरंच होतं. दरवर्षी कुठल्या पुस्तकाला कुठला पुरस्कार मिळाला ते त्यांना तोंडपाठ. यादी आली की त्याच दिवशी मागवायच्या. पार्सल फोडलं की पुस्तक नाकाशी धरायच्या, डोळे मिटायच्या. इंदूरच्या बहिणीला फोन लावून चित्रांचं वर्णन करायच्या. प्रत्येक पुस्तकाला जाड प्लास्टिकचं कव्हर, मग काचेचं कपाट, मग कुलूप. कपाटावर पाटी: पुरस्कारप्राप्त बालसाहित्य.

वाचायला कोण होतं? ताईंच्या ओळखीच्या घरांतली मुलं इंग्रजी शाळेत. आजीने ओढून आणलं तर मोबाइल बघत बसायची. "दादी, ये तो पढ़ने में ही नहीं आता," म्हणायची. कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहायची ती मागच्या वस्तीतली. आमची.

त्यांच्यासाठी नियम होता. हात दाखवा. आणि तपासायचं काम माझं.

काजल दर शनिवारी यायची. दहा वर्षांची. तिची आई पीपलरावां गावाकडची, देवासला येऊन घरात अगरबत्त्या वळायची, आणि तिच्याबरोबर काजलही. त्या मसाल्यात कोळशाची पूड असते. हात कोपरापर्यंत काळे.

"हात दाखव," मी म्हणायचे.

ती दाखवायची. आधी तळवे, मग उलटे करून.

"जा, धुऊन ये."

एकदा ती विटेच्या तुकड्याने हात घासून आली. कातडी सोलली होती, लाल झाली होती. नखांत मात्र काळं तसंच.

"मौसी, आता?"

मी बघितलं. मला माहीत होतं ते काळं काय असतं. घाण नसते ती. आणि मी म्हटलं, "अजून आहे. पुढच्या शनिवारी बघू."

अकरा शनिवार मी तिला परत पाठवलं. सुधाताईंनी सांगितलं म्हणून, असं म्हणता येईल. घरात माझाच पगार, असंही. पण काही शनिवारी सुधाताई जागेवर नव्हत्या. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. मी एकटी होते, आणि तरी पाठवलं. दुसऱ्याचे हात तपासते तोवर माझे कोणी बघणार नाही, अशी काहीतरी भीती होती. भीतीसुद्धा नाही. मला त्यात बरं वाटायचं. लिहायला जड जातंय, पण बरं वाटायचं.

मग कळलं की मराठी वाचनालयांना उत्कृष्ट बालविभागाचा पुरस्कार द्यायचाय आणि आमचं वाचनालय शेवटच्या फेरीत आहे. रविवारी परीक्षक येणार. तिघे. पुस्तकं बघणार, देवघेव बघणार. सुधाताईंचा पाय जमिनीवर ठरेना. नवे पडदे आले, कागदी माशांची तोरणं आली. शुक्रवारी त्यांनी कपाट उघडलं, एक पुस्तक काढलं, आणि मागची तारखेची पट्टी बघून मटकन बसल्या. पट्टी कोरी. दुसरं काढलं. कोरी. सगळी पुस्तकं छापखान्यातून आली तशी.

"अगं ए," त्या म्हणाल्या, "तारखेचा शिक्का आण बाई."

शुक्रवारी दुपारभर मी मागच्या तारखांचे शिक्के मारले. कुठे पुसट, कुठे वाकडे, खरे वाटावेत म्हणून. मीच ठरवलं तसं. मला कुणी शिकवलं नाही.

सुधाताईंनी पानं चाळली. "पट्ट्या झाल्या गं, पण पानं? पानं तर करकरीत आहेत. कुणी हात लावलाय असं वाटतंय का?" मग एकदम हसल्या. "अगं, ती तुमच्याकडची पोरं येतात ना? काळ्या हातांची? उद्या बोलाव सगळ्यांना. आणि ऐक, हात धुवू देऊ नकोस."

मी बोलवायला गेले. दारोदार गेले. काजल नळावर होती. मला बघून तिने हात साबणात बुडवले.

"नको धुऊस," मी म्हटलं. "तशीच ये."

तिला वाटलं मी सुधारले. ती हसली.

शनिवारी बारा-तेरा मुलं आली. नव्या सतरंजीवर एका ओळीत बसवली. सुधाताईंनी स्वतः पुस्तकं वाटली. "हं, पानं उलटा. अंगठा दाबून. कोपरे दुमडा. वाचत बसू नका रे, अजून खूप आहेत. जल्दी, जल्दी!"

मुलांना तो खेळ वाटला. एकाने विचारलं, "फाडायचं पण का?" सुधाताई म्हणाल्या, "थोडंसं. एखादं." आणि हसल्या.

काजल उलटत नव्हती. पहिल्याच पानावर बोट ठेवून वाचत होती. घरात मराठी, शाळेत हिंदी, त्यामुळे हळू. ओठ हलत होते.

"मौसी, घरी न्यायला कधी मिळेल?"

सुधाताई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "गप. उलट."

मी म्हटलं. सुधाताईंनी नाही.

काजलने वर बघितलं, पण बोट काढलं नाही. तेव्हा सुधाताई वाकल्या, "अगं अशी, अशी," म्हणाल्या, बोट जिभेला लावलं, आणि तिच्या हाताखालून पान ओढून उलटलं. मग दुसरं. मग तिसरं. भराभर. काजलची मान प्रत्येक पानाबरोबर इकडून तिकडे होत होती, काहीतरी दिसावं म्हणून.

माझे हात आपोआप पाठीमागे गेले. पन्नाशीला आलेली बाई मी, भिंतीला टेकून हात मागे धरून उभी. आणि ते माझ्या लक्षात आलं.

तेव्हाही मी बोलले नाही. मुलांना एकेक बिस्किटाचा पुडा दिला आणि पुस्तकं कपाटात ठेवून कुलूप लावलं.

रविवारी परीक्षक आले. पोहे, शेव, जिलबी. त्यांतल्या मोठ्या साहेबांनी काजलच्या हातून गेलेलंच पुस्तक काढलं. पहिल्या पानावर काजलचा अंगठा, पुढे पानापानावर बाकीच्या मुलांचे काळे ठसे. त्यांनी चष्मा वर केला आणि पुस्तक उंच धरलं.

"हे बघा! यालाच म्हणतात वाचन. ही खरी पावती. कष्टकऱ्यांच्या मुलांचे हात आहेत हे!"

टाळ्या झाल्या. सुधाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी होतं ते. तेच मला सहन झालं नाही.

चहाचा ट्रे मी टेबलावर ठेवला.

"साहेब, ही वाचल्याची खूण नाही. काल दुपारी मुलांना बसवून दाबून घेतलेत हे ठसे. तारखा खोट्या आहेत, शिक्के मी मारलेत. यातलं एकही पुस्तक एकाही मुलाने वाचलेलं नाही. मी वाचू दिलं नाही."

मोठे साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "या कोण?"

"आमची शिपाई," सुधाताई म्हणाल्या. "हल्ली घरचा ताण आहे हो तिला."

"असं होय. पोहे छान झालेत."

एवढंच. पुढचा अर्धा तास इंदुरी पोहे आणि देवासचे पोहे यांत काय फरक, यावर गेला. पुरस्कार मिळाला. स्मरणिकेच्या कव्हरवर काजलच्या अंगठ्याचा फोटो आहे. नाव नाही.

गाड्या गेल्यावर मी ते पुस्तक कपाटातून काढलं. मागच्या पट्टीवर त्या दिवसाची तारीख टाकली. पहिली खरी तारीख. पुढे काजलचं नाव लिहिलं.

"काय करतेस? ठेव ते," सुधाताई म्हणाल्या.

"वाचायला नेतेय तिला."

"अगं, तिचे हात..."

"काळे आहेत. कालच तर पसंत पडले तुम्हाला."

त्यांचा चेहरा लाल झाला. "मी तुला आपली म्हणून ठेवलं. काय कमी केलं तुझ्यासाठी?"

"धारला तुम्ही माझ्यासाठी पानं उलटली होतीत. बोटाला थुंकी लावून. मी हात मागे धरून बसले होते."

"कधी?" त्यांनी विचारलं.

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना आठवतच नव्हतं. मी आयुष्यभर जे उशाशी घेऊन झोपले, ते त्यांच्याकडे नव्हतंच.

"उद्यापासून येऊ नकोस," त्या म्हणाल्या. मी किल्ली टेबलावर ठेवली.

काजल दारात बसून काड्या वळत होती. मी पुस्तक पुढे केलं. तिने घेतलं नाही. आधी पुस्तकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मौसी, किती वेळा उलटायची?"

मला वाटलं होतं ती चिडेल, तोंड फिरवेल. ते मला चाललं असतं. ती कामाला तयार झाली होती.

"उलटायची नाही. वाच."

ती फ्रॉकला हात पुसायला लागली. पुसतच राहिली. "नको पुसूस," मी म्हटलं, तरी पुसत राहिली. ती सवय मी लावली आहे. अकरा शनिवार लागले. पुस्तक मी तिच्या मांडीवर ठेवलं, पण माझ्यासमोर तिने ते उघडलं नाही.

तिची माफी मी मागितली नाही, मागणारही नाही. माफी मागितली की ती बिचारी देऊन टाकेल आणि मी मोकळी होईन. मला मोकळं व्हायचं नाही.

वाचनालयाच्या नियमांत लिहिलंय, देवासमधलं कुठलंही मूल सभासद होऊ शकतं. हातांबद्दल एक अक्षर नाही. ते मी इतकी वर्षं तिथे राहून कधी वाचलं नव्हतं. आता वस्तीतल्या प्रत्येक मुलाचा अर्ज मी भरलाय. दर शनिवारी चार वाजता मुलांना घेऊन मी त्या दारात उभी राहते. नवी बाई ठेवलीये. तीही आमच्यातलीच. दारातच म्हणते, "हात दाखवा."

"दाखवणार नाही," मी म्हणते.

ती आत विचारायला जाते, परत येते, दार लावून घेते. आम्ही तासभर पायऱ्यांवर बसतो. पुढच्या शनिवारी पुन्हा जातो.

एका मुलीला मी अकरा वेळा परत पाठवलं. आता बघू, ते मला किती वेळा परत पाठवतात. आणि निघताना मी मुलांना हात धुवा म्हणून सांगत नाही.