झेंडेवाल्याचं एक इंग्रजी वाक्य

खदानीच्या मॅनेजरने झेंडेवाल्याला फसवलं. मी समोरच्या खुर्चीवर बसलो होतो, माझ्यादेखत फसवलं. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे मामाच्या गमती वाचताना तुम्ही मूळ गोष्ट विसराल.

काटोल रस्त्यापासून आत ती दगडाची खदान आहे. मी तिथून गिट्टी, म्हणजे खडी, विकत घेऊन ट्रकने उचलायचो. सुरुंग उडवण्याआधी एक माणूस लाल झेंडा घेऊन वस्तीत, शेतात, नाल्यात फिरतो आणि लोकांना लांब पाठवतो. तो झेंडेवाला. त्याला सगळे मामा म्हणत. गळ्यात शिट्टी होती, पण तिच्यावर त्याचा भरवसा नव्हता. "शिट्टी कानाले लागते, माणसाले नाही लागत," असं म्हणून तो दारोदार नाव घेऊन सांगायचा. शेळ्या चारणाऱ्या सरुबाईला तर ऐकूच येत नव्हतं. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो झेंडा दाखवायचा, मग म्हातारी त्याला शिव्या घालत शेळ्या वळवायची. एवढं झालं की मामा टेकाडावर येऊन हात वर करायचा आणि मगच बार उडायचा.

मग नवा मॅनेजर आला, बाहेरचा. त्याने वॉकीटॉकी आणल्या. हात वर करणं बंद झालं, वॉकीटॉकीवर मामाचं ऐकूनच बार उडवायचा असं ठरलं. मामाने आता इंग्रजीत सांगायचं, "आय हॅव वॉर्न्ड एव्हरीवन." त्याचं रेकॉर्डिंग मोठ्या ऑफिसात जाणार, आणि तिथे मराठी कोणाला कळत नाही म्हणे.

मामा माझ्याकडे आला. "शेठ, हे वॉर्न म्हंजे काय जी?"

"सावध करणं."

"मंग ते तर मी जनमभर करूनच राहिलो. त्याले इंग्रजी काहून पाह्यजे?"

मी स्वतः शाळा अर्धवट सोडलेला माणूस. जे इंग्रजी आलं ते व्यापाऱ्यांशी भांडून आलं. तेवढ्यावर ट्रकच्या सावलीत बसून त्याला वाक्य शिकवलं. त्याला ते जड गेलं, पण एकदा जिभेवर बसल्यावर तो गप्प राहीना. चहावालीला सांगे, "स्टोव्ह लय भडकला वं, आय वॉर्न यू." ती म्हणे, "मामा, इंग्रजीत सांगून राहिले, आपला दगड का लंडनचा हाय?" मी ऑफिसच्या पायऱ्या चढायला लागलो की मागून हळूच आवाज यायचा, "शेठ, साहेब तापला हाय. आज भाव नका काढू. आय वॉर्न यू." मी काढायचोच, आणि हात हलवत बाहेर यायचो. मामा झेंड्याआड तोंड लपवून हसायचा.

एके दिवशी मॅनेजरने त्याला ऑफिसात बोलावलं. वॉकीटॉकीवरचा आवाज खरखरतो, म्हणून एकदा इथेच मोबाइलवर साफ बोल, रेकॉर्ड करून ठेवतो, असं हिंदीत सांगितलं. मामा अवघडला. "साहेब, आत्ता तर कोणालेच नाही सांगितलं. झाल्याबिगर कसं म्हणू?"

"अरे, नमूना है. बोल दे."

मामा बोलला. बाहेर येऊन मला म्हणाला, "उगाच खोटं बोलाले लावलं जी."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी त्याच ऑफिसात बसलो होतो. गिट्टीत भुकटी फार आहे म्हणून वाद घालत होतो. बाहेर ट्रक खोळंबले होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. टेबलावरच्या वॉकीटॉकीतून मामा बोलला, "थांबा जी साहेब. सरुबाई नाही दिसून राहिली. नाल्यात पाह्यतो." मॅनेजर थोडा वेळ थांबला. मग त्याने खिशातून मोबाइल काढून वॉकीटॉकीला लावला आणि बटण दाबलं. मामाचा आवाज आला. साफ, खरखर नसलेला. आय हॅव वॉर्न्ड एव्हरीवन.

मी खुर्चीतून उठलो तोवर खिडकीच्या काचा हादरल्या होत्या. तिकडे बार उडवणाऱ्याला वाटलं, म्हातारी सापडली. नाल्यात मामाच्या हातातही वॉकीटॉकी होती. सरुबाईला शोधता शोधता त्याने स्वतःचा आवाज ऐकला.

म्हातारीला नाल्यातून उचलून आणलं तेव्हा जीव नव्हता. मामा धुळीने पांढरा झालेला, तिच्याजवळ बसून होता. चौकशी झाली, रेकॉर्डिंग वस्तीसमोर वाजवलं. सरुबाईच्या मुलाने विचारलं, "मामा, आवाज तुमचाच हाय ना?"

"माझाच हाय."

"मंग?"

"बोललो मीच. पण तवा नाही बोललो."

दुसरा कोणी असता तर आवाज माझा नाही म्हणून मोकळा झाला असता.

मी चौकशीच्या साहेबाला सगळं सांगितलं, अगदी टेबल कुठे आणि मी कुठे ते सुद्धा. मॅनेजर हसला. "सेठजी का तो रेट का झगड़ा है, साहब." साहेबही हसला. भावात मी थापा मारतो, ते सगळ्या खदानीला ठाऊक आहे. म्हणून माझ्या डोळ्यांनी पाहिलेलंही थाप ठरलं. त्या दिवसापासून माझे ट्रक फाटकातून आत घेत नाहीत.

मामाला पाहिलं की वस्तीत दारं लागू लागली. तो कन्हानला मुलीकडे गेला. मी भेटायला गेलो तर खाटेवर बसून नुसता पाहत राहिला. मुलगी म्हणाली, "पाणी पाह्यजे असन तरी बोटानं दाखवतेत. बोलतच नाही." मी मॅनेजरला आईबहिणीवरून शिव्या दिल्या, की निदान मामा मला गप्प तरी करेल. त्याने फक्त माझ्या हातावर हात ठेवला. उन्हाळ्यात तो वारला. वस्तीतून घाटावर कोणी आलं नाही.

मॅनेजरसाहेब, तुम्ही अजून त्याच खुर्चीत आहात. सरुबाईच्या दारात चला आणि तिच्या मुलाला सांगा, बटण कोणी दाबलं. हिंदीत सांगा नाहीतर इंग्रजीत सांगा, मी सोबत उभा राहतो. माझे ट्रक आत घेऊ नका, ते मी मागत नाही. यात माझी घासाघीस नाही. कधी येता तेवढं सांगा.