रुख्माची चार गाठोडी

तिरोड्याकडच्या आमच्या गावात पुस्तकं एकाच घरी होती आणि ती वाचून दाखवणारी बाईही एकच, रुख्मा. तिचा नवरा दुधराम गोंदियाला बिडीच्या कारखान्यात मुनशी होता. पगार हातात पडला की बाजारातून जुनी पुस्तकं आणायचा, मराठी, हिंदी, मिळतील ती. बायकोला अक्षरं त्यानंच शिकवली. पुढं तापानं तो गेला आणि मागं पेटीभर पुस्तकं राहिली.

रुख्मानं ती आपल्या पद्धतीनं लावली. वाचून मन कसं होतं ते बघून तिनं चार गाठोडी बांधली. पिवळ्या फडक्यात हसायची, लाल फडक्यात लढायांची नि जादूची, हिरव्यात धीर देणारी आणि पांढऱ्यात रडायची. एक वीरकथा मात्र पिवळ्यात होती, कारण त्यातला राजा इतक्या बढाया मारायचा की बायकांना हसू आवरायचं नाही. उपदेशाचं एक जाडजूड पुस्तक कुठंच बांधलेलं नव्हतं. ते ऐकताना सगळ्या पेंगायच्या, म्हणून रुख्मा ते उशाला घ्यायची.

दुपारी बायका मांडीवर सूप घेऊन तिच्या ओसरीवर बिड्या वळत बसायच्या. पुस्तकाचं नाव कुणी घेत नसे. "आज मन लागून नाही राहिलं, लालवालं काढ वं," असं सांगायच्या. पांढऱ्याची रीत वेगळी होती. ते मागितल्याशिवाय सोडायचं नाही. सासरी बाई रडली की घरचे अंगावर येतात, तुला काय कमी आहे म्हणून. इथं गोष्टीतल्या राणीसाठी पोटभर रडता येई आणि कारण कुणी विचारत नसे. माझं तर मत आहे, गावच्या देवापेक्षा त्या ओसरीनं बायकांचं जास्त ऐकून घेतलं.

जमुनाबाई तिथं रोज यायची. ती विधवा होती. तिचा मुलगा खुशाल पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशच्या लढाईवर गेला होता आणि घरी मुलीचं लग्न ठरलं होतं. त्याच धांदलीत रुख्माचा भाचा सेवकराम जखमी होऊन सुटीवर आला. तो खुशालच्याच पलटणीतला. खुशाल मेल्याची बातमी त्यानं मावशीला सांगितली आणि जमुनाबाईचा दीर शालीकराम याला सांगितली. घरचा कारभार शालीकरामच पाहायचा.

शालीकराम शहाणा माणूस, आणि शहाण्या माणसांचा मला राग येतो तो अशापायी. दूरदेशी मेलेल्याचं सुतक कानावर आल्यापासून धरतात. तेव्हा लग्न होईपर्यंत वहिनीच्या कानावर काही जाऊ द्यायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. त्याच्या स्वतःच्या कानांचं काय, हे त्याला कुणी विचारलं नाही. घरच्या मोठ्यांना आणि सेवकरामला त्यानं गप्प बसवलं आणि रुख्माला येऊन म्हणाला, "लग्न निपटेवरी तिले हसवून ठेव. पोरीच्या जन्माचा सवाल हाय."

 रुख्मानं पिवळं गाठोडं सोडलं. तो बढाईखोर राजा ऐकून जमुनाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. म्हणाली, "माहा खुशालबी असाच फेकते वं."  जमुनाबाईनं पोरीची हळद दळली, लग्नात सगळ्यांच्या पुढं होऊन गाणी म्हटली, पोरीला सासरी धाडलं.

लग्न आटोपलं तसा शालीकराम पुन्हा आला. "आता पांढरंवालं वाच. तिले रडू आलं का हळूच सांगून टाक." दुःखाची पुरुषांना केवढी ही अक्कल! पण नाही म्हणायचं धाडस रुख्माला झालं नाही. बाकीच्या बायकांना तिनं त्या दुपारी येऊ नका म्हणून सांगितलं. जमुनाबाई एकटीच आली, सूप घेऊन बसली, आणि रुख्मा पांढऱ्या फडक्याची गाठ सोडू लागली.

जमुनाबाईचा हात थांबला. "मी तं मागतली नाही."

 रुख्माची बोटं फडक्यावरच राहिली.

"मी नाही मागतली रुख्मा. मंग काऊन सोडून राहिली?" मग एकदम तिचा आवाज बदलला. "खुशाल?"

रुख्मानं होकारार्थी मान हलवली.

"कवा?"

"लग्नाच्या आधीच खबर आली."

जमुनाबाईनं सूप खाली ठेवलं. "म्हणजे मी हळद दळून राहिली तवा तुले ठाऊक होतं. घरी?"

"मोठ्याइले समद्याइले."

"आता ते समदे माह्याभोवती बसून रडतीन," जमुनाबाई म्हणाली. "इतके दिवस माह्यासंगं जेवले, हसले, अन् आता रडतीन. त्याइच्यात बसून मी नाही रडत."

"मंग इथं रड न माय," रुख्मा रडत म्हणाली. "इथं कोणी नाही."

जमुनाबाईनं सूप उचलून काखेत घेतलं.

"तू हाय न," ती म्हणाली, आणि उठून गेली.

घरी दहा दिवस तिच्या डोळ्याला पाणी आलं नाही. बाई दगडाची आहे, असं शालीकरामच गावभर सांगत फिरला. ओसरीवर ती पुन्हा आली नाही. पुढं कितीतरी वर्षं बायका रुख्माकडं रडायला येत राहिल्या. जमुनाबाई कुठं जाऊन रडली, की रडलीच नाही, हे रुख्माला मरेपर्यंत कळलं नाही.