डॅफोडिलची शेतं, जावईबापू आणि निष्पाप खारी

आमच्या बागेत यंदा डॅफोडिलचं एकही फूल आलं नाही, म्हणून आम्ही ती बघायला दीड तास गाडी हाकत स्कॅजिट व्हॅलीला गेलो. मार्चमध्ये आमच्या बेलव्ह्यू शहरात सिग्नलच्या खांबाखालीसुद्धा डॅफोडिल फुलतात. मग तुमच्याकडेच का नाहीत, असं कुणीही विचारेल. तेच सांगते.

माझा नवरा निखिल डॅफोडिलचे कंद जमवतो. केशरी वाटीची, दुहेरी पाकळ्यांची, बोटभर उंचीची, अशा सगळ्या जाती त्याला तोंडपाठ. माझा वाढदिवस मात्र त्याला फोन सांगतो. गेल्या एप्रिलमध्ये माझे बाबा नाशिकहून आले, तेव्हा बहर नुकताच सरला होता आणि हिरवी पाती वाफ्यात अस्ताव्यस्त लोळत होती. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. आम्ही दोघं ऑफिसात असताना त्यांनी स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि सगळा वाफा मुंजीतल्या बटूसारखा साफ केला. पुढे उन्हाळाभर त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. नेमक्या या दोन गोष्टी करायच्या नसतात. पाती आपणहून पिवळी पडेपर्यंत कंद पुढच्या वर्षीच्या फुलाची तयारी करत असतो आणि उन्हाळ्यात त्याला कोरडं पडून राहायचं असतं.

पाती कापली त्या संध्याकाळी निखिल वाफ्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि आत येऊन म्हणाला, "बाबा, छान केलंत." सासऱ्यांना काही बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं. मीही गप्प बसले. आमच्या घरात बाबा सोफ्याच्या टोकाला पाहुण्यासारखे बसतात, पाणीसुद्धा मागून घेतात. फक्त बागेत ते घरच्यासारखे वावरतात. खरं सांगितलं तर ती जागाही जाईल, ही आम्हाला भीती होती.

यंदा बाबा फुलं बघायला मुद्दाम मार्चमध्ये आले. वाफ्यात नुसती पाती. "काय झालं हो निखिलराव?"

"खारी, बाबा. कंद कुरतडले," निखिलने ठोकून दिलं.

तेव्हापासून बाबा रोज काठी घेऊन मागच्या लाकडी डेकवर पहाऱ्याला बसू लागले. मला ते बघवेना. शेवटी म्हटलं, शनिवारी जाऊन यांना शेतं तरी दाखवू.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. वाटेतलं एव्हरेट गाव मागे पडलं की हायवे मोकळा होतो. खरी गर्दी एप्रिलमध्ये ट्यूलिपला होते, डॅफोडिलवाले त्या मानाने सुखी. रस्त्याच्या कडेने शेतं फुकट दिसतात. बागांना तिकीट असतं, ते घरूनच काढा. गमबूट न्याच. मी पांढरे स्नीकर्स घातले होते, त्यावर जास्त बोलत नाही. आम्ही थालीपीठं आणि दही नेलं होतं. नंतर ला कॉनर गावात कॉफी घेतली. मासे खाणाऱ्यांची तिथे चंगळ आहे, आमची बोळवण फ्राइजवर झाली.

शेतं मात्र बघत राहावीत अशी. भुरभुर पावसात दूरपर्यंत पिवळंधमक, मागे बर्फाचे डोंगर. दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा झेंडूचा बाजार कुणी आडवा पसरून ठेवावा तसं. बाबा कडेकडेने पार शेवटपर्यंत चालत गेले. मग त्यांच्यातला मुख्याध्यापक जागा झाला. डॅफोडिलच्या कुंड्या विकणाऱ्या बाईंपाशी जाऊन त्यांनी विचारलं, "मॅडम, आफ्टर फ्लॉवर्स, हू क्लीन्स द लीव्ज?"

"ओह, नोबडी," बाई हसून म्हणाल्या. "कट देम अर्ली अँड यू गेट नो फ्लॉवर्स नेक्स्ट इयर."

बाबांनी चष्मा पुसला. "अँड स्क्विरल्स?"

"दे वोन्ट टच देम. द बल्ब्ज आर पॉयझनस."

निखिल एकाएकी शेजारच्या खताच्या पिशवीवरचा मजकूर मन लावून वाचू लागला.

परतताना त्याने दोन कुंड्या घेतल्या. गाडीत बाबा पुढे बसले होते. समोर बघतच म्हणाले, "निखिलराव, वर्षभर बोलला नाहीत."

"तसं नाही बाबा, हवामानसुद्धा जरा..."

"खारींना उगाच हैराण केलं मी."

मला हसू फुटलं. एकटीलाच फुटलं, त्यामुळे फार वाईट वाटलं.

जे व्हायला नको होतं तेच झालं. पुढचा आठवडाभर बाबा बागेत फिरकले नाहीत. सोफ्याचं टोक आणि फोन. रविवारी निखिल त्या कुंड्या वाफ्यात लावायला निघाला आणि म्हणाला, "चला बाबा."

"नको. बाग तुमची. आमचा हात नको."

निखिल दारातच थांबला. मग जे लग्नानंतर कधी झालं नव्हतं ते झालं. त्याचा आवाज चढला. "बाबा, एक वर्ष तुम्ही माझ्या फुलांची वाट लावलीत, ठीक आहे. आता रुसून बसून दुसरं वर्षही घालवणार आहात का? मला एकट्याला ते जमत नाही. या."

मी हातातला डाव तसाच धरून उभी. बाबा उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले.

आता घरी येऊन बरेच दिवस झाले. शेतांचे फोटो सुरेख आलेत, जरूर जा. आमच्या वाफ्यात पुढच्या वर्षी काय उगवेल ते मला माहीत नाही. पण त्या रविवारी मी खिडकीतून ऐकत होते. कंद किती खोल लावायचा यावरून दोघांची जुंपली. निखिल यूट्यूबचा दाखला देत होता, बाबा त्याच्या हातातलं खुरपं ओढत होते. "अरे गाढवा, मुळं तुटतील ना अशाने," बाबा ओरडले. शेजारच्यांनीही ऐकलं असणार.

थोड्या वेळाने निखिल मातीच्या हातांनी पाणी प्यायला आत आला. "मला गाढव म्हणाले," त्याने सांगितलं. पाणी पिऊन झाल्यावर परत सांगितलं.