पालकाची सही

खात्यात त्याला सगळे मसुदेकाका म्हणायचे. सरकारला एखादा नियम करायचा झाला की साहेब लोक बोलत आणि हा लिहून काढी. एक स्वल्पविराम चुकला तर कुणाचं तरी पेन्शन अडकतं, असं तो नव्या कारकुनांना सांगायचा. ते हसले तरी तो हसायचा नाही.

घरी तो आणि त्याची ताई, दोघंच. ताईची नजर नवव्या वर्षी तापात गेली. आईवडील गेल्यावर तिनं धाकट्या भावाचं कोपर धरलं, ते बावीस वर्षं सुटलं नव्हतं. ती इस्पितळात टेलिफोनवर बसायची. सकाळी तिला पोचवून तो कचेरीत जायचा, संध्याकाळी घेऊन यायचा. लग्नाचा विषय कुणी काढला की म्हणायचा, "माझा एक हात आधीच गुंतलाय." ही थट्टा ताईच्या कानावर गेली होती.

त्या वर्षी अपंगांसाठी नवं धोरण आखायला समिती बसली. अध्यक्ष होत्या एक निवृत्त न्यायाधीश बाई. पहिला मसुदा वाचून त्यांनी चष्मा काढला.

"भाषा सुरेख आहे. पण ज्यांच्यासाठी लिहिलंय, त्यांच्यापैकी कुणाला विचारलंत?"

"मागच्या धोरणावरून घेतलंय, बाई."

"मग आता विचारा."

विचारायला लांब जायचं नव्हतं. जेवताना तो म्हणाला, "ताई, सरकार देणार असेल तर तू काय मागशील?"

ताईनं हातातला घास खाली ठेवला. "घर. माझ्या एकटीच्या सहीवर मिळालेलं."

दृष्टी नसलेल्या माणसाला सरकारी घर हवं असेल तर अर्जावर पालकाची सही लागायची. ताई पंचेचाळीस वर्षांची होती, आणि तिचा पालक तिच्याहून चार वर्षांनी लहान.

"इथे तुला काय कमी आहे?"

"काहीच नाही. पाण्याचा पेलासुद्धा तू हातात देतोस. मला तो एकदा माझ्या हातानं सांडायचाय, धाकट्या."

ते त्याला फार लागलं. आठवडाभर तो कामापुरतं बोलला. कचेरीत ते कलम आलं की पान उलटून पुढे जायचा. आपण काही सुचवलंच नाही तर कुणाला कळणार आहे, असंही मनात येऊन गेलं. मग एका दुपारी, समोरचा चहा गार होऊ देत, त्यानं 'पालकाची सही' हे शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'अर्जदाराची स्वतःची सही अथवा अंगठा पुरेसा मानावा.'

त्या एका ओळीवर तीन बैठका झाल्या. एक अधिकारी हटूनच बसले. "उद्या यांना एकटं असताना काही झालं तर जबाबदार कोण?"

तो बैठकीत कधी तोंड उघडायचा नाही. त्या दिवशी मात्र मान वर न करता म्हणाला, "साहेब, उद्या तुम्हाला काही झालं तर कोण?"

बाईंनी समासात बरोबरची खूण केली. ओळ राहिली. धोरण मंजूर व्हायला पुढे आणखी दोन वर्षं गेली.

ताईला घर मिळालं ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून, तळमजल्यावर. सामान लावायला तो गेला आणि डबे मांडायला लागला.

"राहू दे," ती म्हणाली, "तू मांडलेलं मला सापडायचं नाही."

तो दारात उभा राहिला. ती तळव्यानं भिंत मोजत होती, आणि गुणगुणत होती. तिचं गुणगुणणं त्यानं लहानपणानंतर ऐकलं नव्हतं.

परतताना रस्ता ओलांडायच्या वेळी त्याचं कोपर आपोआप बाहेर आलं. मग त्यानं हात खिशात घातला.

बाईंचं शाबासकीचं पत्र आलं, कचेरीत पेढ्यांची मागणी झाली. तो मान डोलवत राहिला. घरी मात्र जेवायला दोन ताटं घ्यायचा आणि एक परत ठेवायचा. महिन्यातून एकदा तो ताईकडे जायचा, घंटी वाजवून पाहुण्यासारखा बाहेर थांबायचा. निघताना ती म्हणायची, "जपून जा रे." आजवर हे तो तिला म्हणत आला होता.

एका रविवारी तो केस कापायला गेला आणि न्हाव्याकडे गप्पांत रमला. घरी आला तर शेजारीणबाई दारातच भेटल्या.

"ताई येऊन गेल्या. एकट्याच आल्या होत्या. अर्धा तास पायरीवर बसल्या, आत बोलावलं तरी आल्या नाहीत."

त्यानं घाईघाईनं फोन लावला. "अगं, थांबायचं ना जरा. अंधार पडायच्या आत मी आलोच होतो."

"मला अंधाराचं काय रे," ताई म्हणाली. "बस चुकली असती."

दोघंही हसले.

"परत कधी येशील?" त्यानं विचारलं.

"येईन की. मनात आलं की निघेन."

तेव्हापासून रविवारी तो घराबाहेर पडत नाही. केस कापायला शनिवारी जातो.