पंप नसलेले चार दिवस

कारखान्यात तिला समोर ताई म्हणत आणि पाठीमागे भिंग. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडायचं.

बावीस वर्षं ती रसायनांच्या त्या कारखान्यात नोंदींची खोली सांभाळत होती. लांबट खोली, सहा लोखंडी कपाटं, एक टेबल आणि रस्त्याच्या बाजूला एकच खिडकी. धुराड्यातून काय गेलं, किती गेलं, कोणत्या तासाला गेलं, याच्या वह्या तिच्याकडे यायच्या. पाच वर्षं एकही पान हलू द्यायचं नाही, असा सरकारी नियम. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही करायची. एकदा एका नव्या इंजिनिअरने पांढऱ्या शाईची बाटली आणली होती. तिने ती त्याच्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाली, "ही नखांना लावा हवं तर. माझ्या वहीला नको."

नवरा शिंपी होता, शांत माणूस. तो म्हणायचा, "हिला मी मोजलेल्या कापडाचाही भरवसा नाही. पुन्हा टेप लावते." ते काही खोटं नव्हतं. पण तिचा संशय उगाच जन्मलेला नव्हता. तिचे वडील अशाच एका कारखान्यात वायूच्या टाक्यांवर होते. पन्नाशीच्या आत छातीने गेले. त्यांनी काय श्वासात घेतलं ते विचारायला ती आईबरोबर गेली, तर तिथल्या कारकुनाने कपाट उघडून दाखवलं. त्या वर्षांची जागा रिकामी होती. "नोंदच नाही," तो म्हणाला. एवढे दोन शब्द ऐकून मायलेकी घरी आल्या. तेव्हापासून दुधाने तोंड पोळल्यासारखी ती ताकही फुंकूनच प्यायची.

त्या वर्षी सहामाही अहवालाचं काम चालू होतं. दर सहा महिन्यांनी सगळ्या वह्यांचे आकडे एकत्र करून तपासणी कार्यालयाला पाठवायचे. खाली दोन सह्या, तयार करणारीची आणि मॅनेजरसाहेबांची. मंगळवारी सकाळी तिने गेल्या महिन्याची स्क्रबरची वही उघडली. स्क्रबर म्हणजे धुराड्याआधीचा उंच मनोरा. त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी वरून फवारतात आणि विषारी वायू त्यात धुऊन मगच बाहेर सोडतात. पंपाने पाणी फिरत राहिलं पाहिजे, ते किती फिरतं हे दर दोन तासांनी लिहायचं.

वही स्वच्छ होती. तिथेच तिला खटकलं. स्क्रबरची वही कधी स्वच्छ नसते, तिला तेलाचे अंगठे लागतात, चहाचे गोल पडतात. तिने पानं खिडकीशी धरली. तीन शिफ्टची तीन माणसं, आणि महिनाभर सगळ्यांची शाई एक. अक्षराचा कल एक. आठाचा आकडा सगळीकडे खालून सुरू केलेला.

आठ असा काढणारा माणूस तिच्या घरातलाच होता. तिचा धाकटा दीर. त्याला या नोकरीला तिनेच लावलं होतं.

तिने वही मिटली. मग कोरी वही कोणाला दिली त्याचं रजिस्टर काढलं, कारण पानापानावर आपला शिक्का मारल्याशिवाय ती कोणाला वही देत नसे. गेल्या महिन्यात एक वही जादा गेली होती. साहेबांच्या शिपायाने नेली, कारण लिहिलं होतं 'स्टोअरसाठी'. म्हणजे या स्वच्छ वहीवर शिक्का तिचाच होता. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते आपल्याच भिंतीत मुरावं याचा तिला फार राग आला.

त्या दिवशी संध्याकाळी दीर घरी आला, पँट लांडी करून घ्यायला. चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं म्हणाला, "वहिनी, अहवाल झाला का?"

"का हो भाऊजी?"

"नाही, असंच."

चोराच्या मनात चांदणं, तिने मनात म्हटलं. तो कपातच बघत होता. आजवर त्याने अहवालाचं नाव काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कोणाला ताकास तूर लागू न देता हिंडली. आधी गेटवर. तिथल्या रखवालदाराला म्हणाली, "जुने गेटपास जुळवायचेत," आणि गठ्ठा चाळला. अकरा तारखेला स्क्रबरचा पंप दुरुस्तीला बाहेर गेला होता, चौदाला संध्याकाळी परत आला. जोडीचा राखीव पंप वर्षभर सुटे भाग काढून उघडा पडला होता, हे तर सगळ्यांना माहीत. मग स्टोअरमध्ये. स्टोअरकीपर तिला घाबरायचा, त्याने न विचारताच कार्ड पुढे केलं. अकरा ते चौदा, कॉस्टिकचा एक ड्रमही उचललेला नाही. मग उत्पादनाची वही. ज्या भट्टीचा वायू मनोऱ्यात जातो, ती चारही दिवस चालू. स्वच्छ वही मात्र सांगत होती की पाणी नेहमीसारखं तासाला बारा घनमीटर फिरत होतं. पंप गावाला गेलेला आणि पाणी फिरतंय.

शेवटी तिने तक्रारींचं रजिस्टर उघडलं. बारा तारखेला भिंतीपलीकडच्या लाँड्रीवालीची तक्रार होती: दोरीवरच्या कपड्यांवर पिवळे ठिपके, डोळे झोंबतात, म्हातारी सासू खोकते. खाली उत्तर, साहेबांच्या अक्षरात: 'वाऱ्याची दिशा. आमच्याकडे बिघाड नाही.'

सासू खोकते, हे तिने दोनदा वाचलं.

गुरुवारी दिराची दुपारची पाळी होती, सकाळी तो घरी असणार. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट त्याच्या घरी गेली. जाऊ पालेभाजी निवडत होती. ती उठायला लागली तशी हिने हाताने बसवलं.

"भाऊजी, स्क्रबरची वही तुम्ही लिहिलीत. तिघांची. खरं की खोटं?"

"खरं," तो म्हणाला.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"साहेबांच्या. म्हणाले, वही तेलाने खराब झालीय, तुमचं अक्षर चांगलं, नवी उतरवून काढा. ते चार दिवस नेहमीसारखे लिहा. आम्ही तिघांनी जुन्या वहीत 'पंप नाही' असं लिहिलं होतं. जुनी जाळायला सांगितली."

"आणि तुम्ही जाळलीत."

तो उठला, पलंगाखालून जुनी ट्रंक ओढली आणि चादरींच्या तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही काढली. तेलाचा वास खोलीभर झाला. जाऊ डोळे मोठे करून बघतच राहिली, तिलाही पत्ता नव्हता.

हिने वही घेतली, पण लगेच विश्वास ठेवला नाही. एकेक पान उलटून शिक्के मोजले, पानांचे आकडे सलग आहेत का पाहिलं, शिवण ताणून बघितली. अकरा तारीख, 'पंप नाही, स्क्रबर बंद, साहेबांना कळवले', तीन वेगळ्या हातांनी, तीन वेगळ्या शायांनी. सगळं जागच्या जागी होतं.

"मग मला का नाही सांगितलं? मी काय परकी आहे?"

"वहिनी, सांगितलेलं तुम्ही कधी मानलंय? स्वतःला सापडलं तरच तुम्हाला खरं वाटतं." त्याने ट्रंक पुन्हा आत ढकलली. "म्हणून तर सगळं एकाच पेनाने लिहिलं. म्हटलं, भिंगाखालून हे सुटायचं नाही."

यावर जाऊ खुदकन हसली. हिला हसू आलं नाही. हे आधीच ठरवलेलं, की सापडल्यावर सुचलेलं? माणूस आपला असला तरी प्रश्न तो प्रश्नच. तिने तो विचारला नाही, वही पदराखाली धरली आणि निघाली.

कारखान्यात पोचल्यावर तिने आधी वही आवक रजिस्टरला चढवली. नंबर, तारीख, वेळ, पानं. एकदा नंबर पडला की वस्तू नव्हतीच असं म्हणायची सोय राहत नाही. प्रत्येक पानाची झेरॉक्स काढली. मगच ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, गेल्या महिन्याच्या स्क्रबरच्या दोन वह्या आहेत. अहवालाला कुठली लावू?"

साहेब मोठे गोड माणूस, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांचा हात फोनवरच राहिला. "जुनी कुठून आली?"

"म्हणजे जुनी होती," ती म्हणाली.

त्यांनी फोन बाजूला सरकवला. मग खुर्ची पुढे करून म्हणाले, "बसा ताई. मोठी ऑर्डर होती. चार दिवसांचा प्रश्न. इतकी वर्षं आपण एकत्र काम केलंय. आठवडाभर थांबा, मी बघतो."

"उद्या शेवटची तारीख आहे. आणि आठवड्यात तुम्ही काय बघणार, ते मला कळत नाही."

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही," ती म्हणाली. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं की ते किती सोपं होतं. "तयार करणारीची सही माझी असते. स्वच्छ वही लावली तर ती मिळणार नाही. बाकी तुमची मर्जी."

शुक्रवारी दुपारपर्यंत केबिनचं दार बंद होतं. ती टेबलाशी बसून दाराचा प्रत्येक आवाज ऐकत होती. कपाटाच्या किल्ल्या तिने कंबरेला अडकवल्या होत्या, पाणी प्यायला गेली तरी बरोबर. मालकांचा वकील येऊन गेला. तो काय बोलला ते तिला नंतर शिपायाकडून कळलं: बिघाड कळवला असता तर समज मिळाली असती, लपवलेला सापडला तर कारखान्याला कुलूप. चार वाजता अहवाल सहीसह परत आला, जुन्या वहीचे आकडे आणि चार दिवसांचं वेगळं पत्रक जोडून. तिने सही भिंगाखाली धरली नाही, पण उजेडात मात्र धरली. मग स्वतः जाऊन तपासणी कार्यालयात दिला आणि पोच घेतली.

पंधरा दिवसांनी तपासणी अधिकारी आल्या. रबरी बूट, कमी बोलणं. दोन्ही वह्या शेजारी ठेवून दुपारभर वाचल्या. नऊ दिवस भट्टी बंद राहिली, दंड झाला, मनोऱ्याला दोन नवे पंप बसले. साहेबांची 'स्वतःच्या विनंतीवरून' दुसरीकडे बदली झाली. खोटी वही लिहिली म्हणून दिरालाही शिक्षा झालीच. त्याला पॅकिंगमध्ये टाकलं, दिवसभर ड्रम ढकलायचे. त्याने तक्रार केली नाही.

लाँड्रीवालीला नवं उत्तर द्यायचं होतं. ते पोस्टाने न पाठवता ती स्वतः घेऊन गेली. बाईंनी हात पुसून कागद घेतला, शेवटपर्यंत वाचला, मग उलटा करून मागेही पाहिलं.

"आता का खरं सांगताय?" त्या म्हणाल्या. "यात तुमचा काय फायदा?"

"विचारताय ते बरंच आहे," ही म्हणाली. "त्या चार दिवसांत हवेत काय होतं ते खाली लिहिलंय. सासूबाईंच्या डॉक्टरांना दाखवा. आणि माझ्यासमोर तारीख टाकून घ्या."

बाईंनी तारीख टाकली, वेळही.

घरात मात्र निस्तरायला वेळ लागला. ड्रम ढकलून दिराची कंबर धरली, आणि जाऊ दोन महिने हिच्याशी बोलली नाही. "तुम्ही वही वाचवलीत, माझा माणूस वाकवलात," एवढंच एकदा दारातून म्हणाली.  हिने पॅकिंगच्या नव्या प्रमुखाकडे ड्रम उचलायची गाडी लेखी मागितली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. गाडी आली तेव्हा दीर म्हणाला, "वहिनी, चाकं तपासून घ्या हं." तिने तपासली. एक चाक सैल होतं.

नंतर एका सकाळी जाऊ आपण होऊन आली. नवऱ्याच्या कंबरेचा फोटो काढायचा होता, दवाखान्यात एकटीला काही समजत नाही म्हणाली. त्याला घेऊन दोघी गेल्या. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, घाबरायचं कारण नाही. हिने फोटोवरचं नाव वाचलं, वय वाचलं, तारीख वाचली आणि विचारलं, "हा त्यांचाच आहे ना नक्की?"

जावेने तिचा हात दाबला. "विचारा, विचारा," ती म्हणाली. "मी थांबते."