लूनेबुर्गच्या वाळूतून मी परत फिरले

जर्मनीत वाळवंट आहे असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. मीही हसले असते. पण साठ सालाच्या आसपास हानोफर शहराच्या उत्तरेला, लूनेबुर्गर हाइडे नावाच्या माळरानाचा एक मोठा तुकडा रणगाड्यांच्या सरावाने पार उकरून निघाला होता. गवताची काडी शिल्लक नव्हती. आता तिथे पुन्हा जांभळी फुलं येतात म्हणे, आणि तुमच्यातले बरेच जण चालायला जायचे बेत आखतात. जरूर जा. पण मी काही गोडगोड लिहिणार नाही, आधीच सांगते.

ह्यांची डॉक्टरेट तेव्हा हानोफरला चालू होती. ह्यांचे प्रोफेसर दर उन्हाळ्यात हाताखालच्या मंडळींना पाठीवर सॅक लावून दिवसभर चालायला न्यायचे. त्या वर्षी एका जर्मन असिस्टंटने सरळ सांगितलं, "मला नाही जमणार, बहिणीकडे जायचंय." प्रोफेसर 'गूट', म्हणजे 'बरं', म्हणाले आणि विषय संपला. आमच्याकडे मात्र गुरूला नाही म्हणणं म्हणजे ब्रह्महत्येचं पातक! "बायकोलाही आणा," एवढं त्यांनी म्हणायचा अवकाश, हे घरी येऊन माझी सॅक भरायला बसले.

मला दिवस गेले होते. तिसरा लागला होता. तीन महिने पुरे होईतो कुणापाशी बोलायचं नाही, ही सासूबाईंची ताकीद, आणि ती मीही मुकाट पाळत होते.

"मी नाही येत," मी म्हटलं.

"अगं, मग कारण काय सांगू?"

"डोकं दुखतंय म्हणून सांगा."

"खोटं बोलू त्यांच्याशी?"

झालं. बाकीच्यांनीही काही ना काही सांगून अंग काढून घेतलं होतं; निघालो प्रोफेसर, हे आणि मी, तिघंच.

सोल्टाऊपर्यंत आगगाडी, पुढे बस, आणि बस सोडली की आपले पाय. बसथांब्याजवळच्या खानावळीत थंडगार ताक आणि काळसर पिठाचा क्रीम भरलेला केक मिळतो, तो खाऊन घ्या. पुढे काही म्हणजे काही मिळत नाही. पाणी वाटतं त्याच्या दुप्पट घ्या, आणि घोट्यापर्यंतचे बूट घाला. माझ्या पायात कापडी बूट होते, त्यात वाळू जायची. सुरुवातीची वाट बर्च झाडांतून जाते आणि खरंच देखणी आहे. मग झाडं संपली. समोर पांढरट वाळूच्या लाटा, त्यात रणगाड्यांनी पाडलेल्या गुडघाभर खोल चाकोऱ्या, आणि वर ऊन. तसलं ऊन मला जर्मनीत पुन्हा कधी लागलं नाही. प्रोफेसर पुढे ताडताड चालत झाडाझुडपांची माहिती देत होते. हे मागून "जा, जा, गेनाऊ", म्हणजे "हो, हो, अगदी बरोबर," करत होते. मी सर्वांत मागे, साडीचा ओचा खोचून, पाठीवर सगळ्यांच्या जेवणाची सॅक. होय, माझ्याच पाठीवर.

दुपारपर्यंत आमचं पाणी संपलं. एका चढावर ओटीपोटात कळ आली. मी खाली बसले. कळ क्षणभर थांबली, पुन्हा आली.

"अहो, पोटात दुखतंय. परत जाऊ या."

"हळू बोल. थोडंच राहिलंय. ते काय म्हणतील?"

प्रोफेसर थांबले. "काय म्हणतेय ती?"

हे हसून जर्मनमध्ये म्हणाले, "म्हणतेय की देखावा फार सुंदर आहे."

तेवढं जर्मन मला कळत होतं. डोकं दुखतंय एवढं सांगायला ज्यांची जीभ उचलत नव्हती, त्यांनी माझ्या कळेचा देखावा करून टाकला! तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाई, ताकीद, तिसरा महिना, सगळं त्या वाळूत फेकलं आणि मोठ्याने जर्मनमध्ये म्हटलं, "नाइन, नाही! मला मूल होणार आहे. मला दुखतंय."

प्रोफेसर रागाने लालबुंद झाले. माझ्यावर नव्हे, ह्यांच्यावर. "आणि तुम्ही गप्प बसलात? 'नाही' एवढा एक शब्द पुरे होता!" त्यांनी माझी सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली, थर्मासमधला उरलेला चहा मला पाजला आणि माघारी वळले. बर्चच्या सावलीत पोचेपर्यंत कळा थांबल्या होत्या. राग थांबला नव्हता.

घरी आल्यावर ह्यांचं पहिलं वाक्य काय असावं? "त्यांचा अख्खा दिवस वाया गेला. उद्या माफी मागायला हवी."

"मागा," मी म्हटलं, "पण आधी माझी."

त्यांची मागितली. माझी राहिली.

थंडीत मुलगी झाली, अगदी धडधाकट. पुढे पुण्याला पाहुणे आले की हे रंगवून सांगायचे, "ही पोटात होती तेव्हा आम्ही जर्मनीतलं वाळवंट पायी पार केलं!" मी चहा ठेवायला उठायचे. मुलीच्या सासरची मंडळी पहिल्यांदा जेवायला आली तेव्हाही ह्यांनी तेच सुरू केलं. मी वाढता वाढता थांबले.

"पार नाही केलं," मी म्हटलं. "अर्ध्यावरून मी परत फिरले. म्हणून ही आज तुमच्या घरात आहे."